एक मालेगाव, चार मालेगाव

‘दिसतंय ना बरोबर? मग झालं!’ संगणकावरचा उर्दू किंवा मराठी मजकूर आतून कसा साठवला आहे, असा प्रश्न कुणी काढला की छापखान्यापासून शाळेच्या कार्यालयापर्यंत हे एकच उत्तर तयार असते. त्यामागचे मत असे: लिपी डोळ्यांसाठी असते; कागदावर किंवा पडद्यावर अक्षर सुबक उमटले की तिचे काम संपले; त्या अक्षराला यंत्राच्या पोटात कोणता क्रमांक मिळाला, ही अभियंत्यांची बाब. विषय उर्दूचा असेल तर याला आणखी दोन वाक्ये जोडली जातात. पहिले, ती लिपीच इतकी गुंतागुंतीची, की संगणकात तिचे असेच व्हायचे. दुसरे, तो प्रश्न मालेगावच्या उर्दूवाल्यांचा. मराठी माणसाने त्यात लक्ष घालायचे कारण नाही. हे मत मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चुकीचे वाटते. ते निरुपद्रवी असते तर सोडून देता आले असते. पण त्याच्यापायी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दोन्ही भाषांतला फार मोठा मजकूर असा साठला आहे, की तो दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. जे सापडत नाही ते आपण जपले, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

नुसते दिसणे जिथे खरोखर पुरते, अशी एक जागा नाशिकमध्येच आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेच्या मागच्या बाजूला १५ भाषांची पट्टी असते आणि तिच्यातल्या दोन ओळी, उर्दू आणि काश्मिरी, अरबी कुळातल्या लिपीत असतात. त्या ओळींकडून आपली अपेक्षा एवढीच, की त्या स्वच्छ, सुंदर आणि नक्कल करायला कठीण अशा उमटाव्यात. नोटेवरचे ‘शंभर रुपये’ कुणी शोधत नाही, वर्णानुक्रमे लावत नाही, दुसऱ्या यादीशी ताडून पाहत नाही. ती ओळ चित्र आहे आणि चित्र म्हणून तिने आपले काम चोख केले आहे. मतदारयादी, हजेरीपट, जन्मनोंद, ग्रंथालयाची सूची, पाठ्यपुस्तक यांची गोष्ट निराळी. तिथला प्रत्येक शब्द पुढे कधी तरी कुणी तरी हुडकणार असतो, दुसऱ्या शब्दाशी जुळवणार असतो. यंत्र हे काम डोळ्यांनी करत नाही, क्रमांकांनी करते. क्रमांक जुळले तर शब्द एक, नाही जुळले तर शब्द दोन. ‘दिसतंय ना’ म्हणणारे लोक नोटेचा न्याय हजेरीपटाला लावतात, आणि पुढची सगळी पडझड तिथून सुरू होते.

अरबी लिपीतले ‘बे’ हे अक्षर घ्या. ते शब्दात एकटे आले, सुरुवातीला आले, मध्ये आले की शेवटी, यावर त्याचे रूप ठरते. जागा चार, रूपे चार. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र अक्षर एकच असते. मदरशातले पोर असो की कसलेला सुलेखनकार कातिब, ‘बे’ लिहिताना कुणी चार निरनिराळी अक्षरे लिहीत नाही. १९९१ साली आलेल्या युनिकोडने हीच समज पायाशी धरली. अक्षराला एक क्रमांक द्यायचा आणि शेजारपाजार पाहून रूप निवडायचे काम फॉन्टकडे आणि मजकूर मांडणाऱ्या प्रणालीकडे सोपवायचे. दिशेचेही तसेच. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यातला ‘४२३२०३’ हा मालेगावचा पिनकोड डावीकडून उजवीकडे वाचला जातो. साठवताना मात्र सगळे वाचण्याच्या क्रमाने साठते. कोण कुठे दिसायचे ते मांडणीच्या वेळी ठरते. याच युनिकोडमध्ये अरबीच्या त्या चार-चार रूपांना स्वतंत्र क्रमांक देणारे दोन विभागही आहेत. जुन्या यंत्रणांतला मजकूर न हरवता इकडे आणता यावा, एवढ्यासाठी ते ठेवलेले आहेत. ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’ हे आख्खे वाक्य त्यात एका खुणेत कोंबलेले आहे. ती खूण उलगडली की मोकळ्या जागा धरून १८ वर्ण निघतात. नवा मजकूर या विभागांतून लिहू नये, असे युनिकोडचेच सांगणे आहे. तरी तसा मजकूर आजही तयार होतो. उर्दू जोडता न येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फलक किंवा निमंत्रणपत्रिका करायची असली, की रूपांचे क्रमांक वापरून अक्षरे जोडलेली ‘दाखवली’ जातात. फलकापुरते ते ठीक. पण तोच मजकूर पुढे यादीत, बातमीत, संकेतस्थळावर चिकटवला जातो आणि तिथे तो कायमचा मुका होतो.

आता मालेगावचेच नाव पाहू. मोसम नदीकाठच्या या गावात १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर वसले आणि त्यांच्यासोबत उर्दू रुजली. आज तिथल्या मागांच्या खडखडाटाइतकीच मुशायऱ्यांचीही ओळख आहे. गावाचे नाव उर्दूत आठ अक्षरांचे: मीम, अलिफ, लाम, ये, गाफ, अलिफ, हमजा डोक्यावर घेतलेला वाव आणि नून-गुन्ना. यातल्या ‘ये’साठी उर्दूचा स्वतःचा क्रमांक दशमान पद्धतीत १७४० आहे. अरबीच्या ‘ये’चा क्रमांक १६१०. शब्दाच्या शेवटी दोघींत फरक दिसतो, कारण अरबी ‘ये’ खाली दोन नुक्ते घेऊन बसते. मालेगावात ‘ये’ मध्ये येते आणि मध्ये आल्यावर दोघींचे रूप सारखेच असते. हमजा घेतलेला वाव एका क्रमांकाने, १५७२ने, लिहिता येतो; किंवा १६०८चा साधा वाव आणि त्यावर १६२०चा सुटा हमजा असाही लिहिता येतो. दोन गुणिले दोन, म्हणजे चार. वाचणाऱ्याला एकच मालेगाव दिसते; साधी जुळणी करणाऱ्या यादीला चार गावे दिसतात. यातल्या वाव-हमजाची जोडी एकच मानावी असा युनिकोडचाच नियम आहे, त्यामुळे मजकूर नियमित करून घेतला तर चाराची दोन होतात. पण दोन ‘ये’ कोणत्याही नियमाने एक होत नाहीत, कारण अरबीत आणि उर्दूत त्या खरोखर वेगळ्या आहेत. ‘अली’ हे नाव तर आणखी पेचाचे. त्याच्या शेवटी १७४० येतो, १६१० येतो आणि अरबीची बिननुक्त्याची १६०९ ही येते. १७४० आणि १६०९ तिथे डोळ्यांना एकसारखे दिसतात. ‘नासिक’ या उर्दू रूपातल्या काफाचे दोन क्रमांक आहेत, अरबीचा १६०३ आणि उर्दूचा १७०५. ‘हे’चे तीन: अरबीचा १६०७, उर्दूचा १७२९ आणि ‘घर’, ‘भाई’ यांतला महाप्राण दाखवणाऱ्या दोचश्मीचा १७२६. हे सगळे जिथे गुंतते ती माणसांची नावे आहेत. शाळेच्या यादीतला अली आणि शिष्यवृत्तीच्या यादीतला अली जुळला नाही, तर नुकसान कुणाचे? क्रमांकांना ‘अभियंत्यांची बाब’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

यावर लगेच म्हटले जाते, की मग चूक टाइप करणाऱ्याची. त्याने नीट टाइप करावे. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. विंडोजचे अरबीसाठीचे जुने १२५६ क्रमांकाचे सांकेतिक पान पाहा. त्यात २५६ जागा होत्या. उर्दूच्या टे, डाल, ड़े, बडी ये, दोचश्मी हे यांना तिथे जागा मिळाली. फारसी आणि उर्दूच्या छोट्या ‘ये’ला मिळाली नाही. ज्याला आपले अक्षर कळफलकावर सापडतच नाही, तो शेजारचे सारखे दिसणारे अक्षर घेणार. फोनवर अरबीचा कळफलक आयता असतो, म्हणून आजही अनेक जण त्यावरूनच उर्दू लिहितात. त्यांना सावध कुणी करायचे? सावध करणाऱ्यानेच तर आधी सांगून टाकले आहे, की दिसतेय ते बरोबर आहे.

उर्दू छपाईच्या इनपेज या सॉफ्टवेअरची गोष्टही इथे मोकळेपणाने सांगायला हवी. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइपसाठी केलेल्या नूरी नस्तालीक या उर्दू अक्षरसंचात सुमारे २०,००० जोडाकृती होत्या आणि १९८१ मध्ये ‘जंग’ हे दैनिक त्या अक्षरात निघाले. शिळाछापावर कातिबाच्या हाताने उतरणारी उतरती, झुलती नस्तालीक आता यंत्रातून बाहेर पडली. १९९४ मध्ये भारतात तयार झालेल्या इनपेजने ती साध्या टेबलावरच्या संगणकात आणली. उर्दू वर्तमानपत्रे आणि छोटे छापखाने या सॉफ्टवेअरमुळे तगले, हे मला मान्य आहे. या वादात मी कबूल करतो ती एवढीच एक गोष्ट. पण त्या काळातल्या इनपेजने अक्षरांना स्वतःचे खासगी क्रमांक दिले. फाइल त्या सॉफ्टवेअरबाहेर काढली की अर्थ गेला, आणि पीडीएफ केली की अक्षरांऐवजी जोडाकृतींचे तुकडे मागे राहिले. इनपेजच्या नंतरच्या आवृत्त्यांत युनिकोड आले. तरी जुन्या सवयीने, जुन्या आवृत्तीत, खासगी क्रमांकांत काम चालू ठेवणाऱ्यांना आज कोणती सबब उरली आहे? छपाई सुंदर आली, ही सबब १९९४ मध्ये चालण्यासारखी होती.

आता ‘हा उर्दूवाल्यांचा प्रश्न’ म्हणणाऱ्या मराठी माणसाकडे वळतो. त्याने ‘दऱ्या’ हा शब्द टाइप करून पाहावा. सह्याद्रीतल्या दऱ्या, दरीचे अनेकवचन. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये तीन वाटांनी येतो: २३५३ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, २३५२चा साधा र, त्याला नुक्ता आणि मग हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे ८२०५ क्रमांकाचा न दिसणारा जोडवर्ण. पहिल्या दोन वाटा नियमाने एक होतात, तिसरी वेगळीच राहते. मालेगावच्या नावात घडले ते इथे अक्षरशः तसेच घडते. आणि मराठीला हा र किती मोलाचा आहे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते: आचार्यांना दिलेला मान आणि आचाऱ्यांना दिलेला मान यांत तेवढ्या एका र चे अंतर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे खोल घळी. यातला ‘दर्या’ मराठीत फारसीतून आला, हे तर या वादात विसरूच नये. ज्या भाषेच्या लिपीशी आपला संबंध नाही असे म्हणतो, तिचे शब्द आपण कागद, दप्तर, वकील, जमीन म्हणत रोज तोंडात घोळवतो.

मराठीची जुनी फाइलही उर्दूइतकीच बंदिस्त आहे. डीटीपीच्या पहिल्या दोन दशकांत काना, वेलांटी, अर्धा क, रफार यांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले फॉन्ट चालले. प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. ‘किरण’मधली ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना क च्या आधी दिसते म्हणून ती आधी साठवली गेली; उच्चारात ती नंतर येते याची दखल कुणी घेतली नाही. अशी फाइल त्या फॉन्टविना उघडली की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रास पडते. किती दिवाळी अंक, किती स्मरणिका, किती संस्थांची इतिवृत्ते आज त्या राशीत पुरलेली आहेत? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण केला आणि तो योग्यच होता. पण १९९५ सालचा आपलाच अंक आपल्याला शोधता येत नसेल, तर दोन हजार वर्षांच्या वारशाची राखण आपण कशी करणार आहोत?

उरला ‘लिपीच अवघड’ हा मुद्दा. या मुद्द्याची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण तो तांत्रिक वेषात येतो आणि मुळात तो तांत्रिक नसतो. अरबी अक्षराला चार रूपे म्हणून ती लिपी संगणकाला पेलत नाही, असे म्हणणाऱ्याने स्वतःचा र मोजावा. राम मधला पूर्ण र, अर्क मधला रफार, क्रम मधली तिरपी रेघ, ट्रक मधली खालची खूण, दऱ्या मधली चंद्रकोर. पाच झाली. क च्या क्त, क्ष, क्र, क्ल मधल्या रूपांची यादी याहून लांब होईल. देवनागरीबद्दलही कधी काळी हेच म्हटले जात होते. शिशाच्या खिळ्यांचे खण शेकड्यांनी लागतात, टंकयंत्राला एवढ्या कळा परवडत नाहीत, म्हणून लिपी सोपी करा, असा आग्रह होता. नाशिक जिल्ह्यातल्या भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली, अि, अी, अु, अू, ती छपाईची हीच अडचण समोर ठेवून. त्यांचा हेतू शंभर टक्के भाषेच्या हिताचा होता. पुढे यंत्र सुधारले आणि इ, ई, उ, ऊ आहेत तिथेच राहिले. यंत्राने लिपीपाशी यायचे असते, हे मराठीच्या बाबतीत आपण अनुभवाने शिकलो. मग उर्दूच्या बाबतीत लिपीने यंत्रापाशी जावे, किंबहुना उर्दू सरळ देवनागरीत लिहावी, हा सल्ला कोणत्या न्यायाने? देवनागरीत एका नुक्त्याच्या ज़ मध्ये ज़े, ज़ाल, ज़्वाद आणि ज़ोय ही चार अक्षरे विरघळून जातात. ‘नज़ीर’ हे नाव ज़ोयने लिहिले तर उदाहरण, तोडीचा माणूस असा अर्थ. ज़ालने लिहिले तर सावध करणारा. देवनागरीत दोघे एक झाले आणि तिथून परत कोणत्याही यंत्राला त्यांना वेगळे करता येणार नाही. ज्याच्या हाती ती लिपी आहे त्याने ती बदलायची ठरवली तर तो त्याचा अधिकार. यंत्राचे कारण दाखवून दुसऱ्याने ती बदलायला सांगणे हा अधिकार कुणाचाच नाही.

खुद्द उर्दूप्रेमींमधूनही एक आक्षेप येतो. युनिकोडने उर्दूला अरबीच्या घरात पोटभाडेकरू केले आणि नस्तालीकचा गळा घोटला, असे ते म्हणतात. यातली खंत मी समजू शकतो. अनेक वर्षे पडद्यावर उर्दू म्हणून जे दिसे ते सरळसोट, अरबी वळणाच्या नस्खमध्ये असे आणि नस्तालीकवर वाढलेल्या डोळ्यांना ते परके वाटे. पण ते दुखणे क्रमांकांचे नव्हते, फॉन्टचे होते. विंडोज ८ मध्ये नस्तालीक वळणाचा उर्दू फॉन्ट आला, गुगलचा नोटो नस्तालीक २०१४ मध्ये आला, आयफोनवर उर्दूला नस्तालीक २०१७ मध्ये मिळाली. यासाठी आधी युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरातला एकही क्रमांक बदलावा लागला नाही. काल नस्खमध्ये दिसणारी गझल आज त्याच फाइलमधून नस्तालीकमध्ये उलगडते. अक्षर आणि आकृती वेगळी ठेवली म्हणून हे साधले. मराठीत ल आणि श यांचे आपले वळण आणि हिंदीतले वळण वेगळे आहे. क्रमांक दोघांना एकच आहे. मराठी वळण हवे असेल तर फॉन्ट मराठीचा निवडावा आणि मजकूर मराठी आहे अशी खूण द्यावी. त्यासाठी नवा क्रमांक मागणे म्हणजे ‘लता’ या नावाच्या दोन नोंदी करून ठेवणे. शिवाय युनिकोड परके म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की त्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावर उभी आहे.

शेवटची पळवाट कन्व्हर्टरची. आज चूक झाली तरी उद्या यंत्र दुरुस्त करील, चित्रातूनही अक्षर ओळखील, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, असे सांगितले जाते. मोठी शोधयंत्रे दोन ‘ये’ आणि दोन काफ बऱ्याचदा एकत्र मानतात, हे खरे. पण नगरपालिकेची यादी, शाळेचा पट, गावच्या वाचनालयाची सूची यांच्या मागे तेवढी यंत्रणा उभी नसते. तिथे क्रमांकाला क्रमांक जुळवला जातो. कन्व्हर्टर प्रत्येक जुन्या फॉन्टसाठी वेगळा लागतो आणि तो चुकला तर जोडाक्षरांतच चुकतो. चित्रातून अक्षर ओळखणारे यंत्र अंदाज बांधते. ओळखीच्या शब्दांत त्याचा अंदाज बरोबर येतो, नावांत फसतो. आणि नोंदवह्या नावांनीच भरलेल्या असतात. अंध विद्यार्थ्याचा विचार तर या वादात कुणी करतच नाही. बालभारती मराठीप्रमाणे उर्दू माध्यमाचीही पाठ्यपुस्तके काढते. पुस्तक खऱ्या अक्षरांत असेल तर त्या विद्यार्थ्याचा फोन ते मोठ्याने वाचून दाखवील. आकृत्यांत असेल, तर डोळस मुलाला धडा दिसेल आणि अंध मुलाच्या कानावर निरर्थक आवाज पडेल. ‘दिसतंय ना बरोबर’ हे वाक्य त्या मुलासमोर उभे राहून म्हणून दाखवावे.

जुन्या कागदांचा अनुभव गाठीशी असूनही आपण असे वागतो, याचे मला जास्त वाईट वाटते. मोगली अमलात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. त्या काळचे हुकूम फारसीत आहेत. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने वाचली, उलगडली, मराठीत आणली, म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातली कित्येक पाने आपल्याला वाचता आली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत धावाधाव झाली, आणि मराठवाड्यात निजामकालीन उर्दू कागदांसाठी उर्दू जाणणारे शोधावे लागले. त्या कागदांना निदान एक आधार होता. मोडीचे वळण कितीही गिचमिड असले तरी माहीतगार डोळ्यांना ते वाचता येते. खासगी क्रमांकांत साठवलेल्या फाइलला तोही आधार नाही. सॉफ्टवेअर बंद पडले की ती कुणालाच वाचता येत नाही. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत ७९ वर्णांची स्वतःची जागा मिळाली. तरीही देवनागरी किंवा रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मोडीचे वळण चढवून ‘मोडी टाइप केली’ असे समाधान मानले जात असेल, तर तीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने आपल्यापेक्षा जास्त जबाबदारीने काम केले, असेच म्हणावे लागेल.

म्हणून माझे म्हणणे पुन्हा एकदा, आणि यात काही सूट न देता: मजकूर म्हणजे अक्षरे, आणि ज्या भाषेचा मजकूर, त्या भाषेच्याच अक्षरांत तो साठवला गेला पाहिजे. उर्दू अरबीच्या ‘ये’ने लिहू नये, मराठीच्या रफाराला इंग्रजी अक्षराची जागा देऊ नये, आणि दिसायला ठीक आहे एवढ्यावर कोणतीही सरकारी, शालेय वा ग्रंथालयीन नोंद स्वीकारू नये. याला मोठा खर्च नाही. उर्दूचा आणि मराठीचा योग्य कळफलक आज प्रत्येक फोनवर आणि संगणकावर फुकट मिळतो. जुन्या याद्यांत दोन ‘ये’, दोन काफ आणि तिन्ही वाटांचे ‘दऱ्या’ एकत्र करून घेणे हे जाणकाराचे काही दिवसांचे काम आहे. १८४० पासून नाशिकमध्ये सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या समाजाला आणि मागावर सुताचा एक धागा तुटला तरी लगेच गाठ मारणाऱ्या मालेगावला एवढी शिस्त जड जाऊ नये.

जूनमध्ये शाळा उघडतील आणि नवे पट भरले जातील. नाशिक आणि मालेगावच्या मुख्याध्यापकांना, ग्रंथपालांना, छापखाना चालवणाऱ्यांना आणि त्यांच्याकडे काम देणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: पहिले नाव टाइप होण्याआधी कळफलक कोणत्या भाषेचा आहे ते तपासा, आणि छपाईचे काम घेताना पीडीएफसोबत युनिकोडमधली मूळ फाइल मागून घ्या.